२५ जून : लॉर्ड्सवरचा जल्लोष आणि आणीबाणीची रात्र

‘दिनविशेष’ हे वृत्तपत्रातील सर्वांत लहान आणि तरीही आवर्जून वाचले जाणारे सदर असावे. चार ओळींत एखाद्या थोर व्यक्तीचा जन्म, एखाद्या लढाईचा निकाल आणि एखादा गाजलेला सामना शेजारी शेजारी येऊन बसतात. त्यांच्यात परस्परसंबंध असतोच असे नाही. वर्षाला दिवस ३६५ आणि इतिहासाला घटना असंख्य. तेव्हा प्रत्येक तारखेच्या वाट्याला काही ना काही येणारच. परंतु काही तारखा अशा असतात, की त्यांवरील नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे त्या एकमेकींशी बोलू लागतात. २५ जून ही अशीच एक तारीख आहे.

वर्षाच्या या १७६ व्या दिवशी (लीप वर्षात १७७ व्या) भारताने आपला पहिला कसोटी सामना खेळण्यास प्रारंभ केला. एक्कावन्न वर्षांनी त्याच तारखेला, त्याच मैदानावर विश्वचषक उंचावला. आणि या दोहोंच्या मधल्या काळात, १९७५ मध्ये, याच तारखेच्या रात्री देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर करणाऱ्या कागदावर सही झाली. अभिमानाची आणि मानहानीची अशा दोन्ही आठवणी एकाच चौकोनात लिहिलेली ही तारीख म्हणूनच थोड्या सवडीने पाहण्याजोगी आहे.

लॉर्ड्स, १९३२ : पहिले पाऊल

२५ जून १९३२, शनिवार. लंडनमधील लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा संघ प्रथमच अधिकृत कसोटी सामन्यासाठी उतरला. दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे आणि उपकर्णधारपद लिंबडीचे घनश्यामसिंहजी यांच्याकडे होते. संघाचे नेतृत्व संस्थानिकानेच करावे, हा त्या काळाचा रिवाज होता. प्रत्यक्ष कसोटीत मात्र नेतृत्वाची धुरा सी. के. नायडू यांच्याकडे आली. नागपुरात जन्मलेले आणि पुढे इंदूरच्या होळकरांच्या सेवेत गेलेले नायडू हे अशा रीतीने भारताचे पहिले कसोटी कर्णधार ठरले. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर एमसीसीच्या संघाविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावांची खेळी करून त्यांनी आपला दबदबा आधीच निर्माण केला होता.

सामन्याची सुरुवात इंग्लंडला चकित करणारी होती. मोहम्मद निसार यांच्या वेगाने हर्बर्ट सटक्लिफ आणि पर्सी होम्स या नावाजलेल्या सलामीच्या जोडीचा त्रिफळा उडवला. पाठोपाठ फ्रँक वूली धावबाद झाले आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी झाली. कर्णधार डग्लस जार्डिन यांनी ७९ धावा काढून डाव सावरला आणि इंग्लंडने २५९ पर्यंत मजल मारली. निसार यांनी ९३ धावांत ५ बळी टिपले. भारतीय डाव १८९ धावांत आटोपला. त्यात नायडूंच्या ४० धावा सर्वाधिक होत्या. दुसऱ्या डावात अमर सिंग यांनी ५१ धावा काढून भारताच्या पहिल्या कसोटी अर्धशतकाचा मान मिळवला, तरी सामना १५८ धावांनी हातचा गेला. कसोटीत भारतासाठी पहिला चेंडू खेळणारे फलंदाज जनार्दन नवले हे महाराष्ट्रातले. संघाचे यष्टिरक्षकही तेच होते.

मैदानावरील या आकड्यांइतकीच मैदानाबाहेरची परिस्थिती महत्त्वाची आहे. १९३२ च्या जानेवारीत सविनय कायदेभंगाची चळवळ पुन्हा सुरू झाली, तेव्हा गांधीजींना अटक होऊन येरवड्याच्या कारागृहात ठेवण्यात आले होते. लॉर्ड्सवर निसार गोलंदाजी करीत होते, त्या वेळी गांधीजी पुण्यात बंदिवान होते. एल. पी. जय आणि विजय मर्चंट यांच्यासारखे खेळाडू नेत्यांच्या अटकेच्या निषेधार्थ या दौऱ्यापासून दूर राहिले. साम्राज्याच्या राजधानीत जाऊन साम्राज्याशी खेळावे की घरी राहून निषेध नोंदवावा, हा प्रश्न त्या पिढीपुढे खरोखरीच उभा होता. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. खेळ आणि राजकारण यांची गल्लत करू नये, असे म्हणणे सोपे असते; पण भारताच्या पहिल्या कसोटीलाही ते वेगळे ठेवता आले नव्हते.

पुणे, १९३४ : थोडक्यात टळलेला अनर्थ

यानंतर दोनच वर्षांनी, २५ जून १९३४ रोजी, गांधीजी पुन्हा पुण्यात होते. या वेळी कैदी म्हणून नव्हे, तर अस्पृश्यतानिवारणासाठी काढलेल्या देशव्यापी हरिजन यात्रेच्या निमित्ताने. पुणे नगरपालिकेच्या समारंभासाठी ते जात असताना, त्यांचीच मोटार समजून दुसऱ्या एका मोटारीवर बॉम्ब टाकण्यात आला. काही जण जखमी झाले; गांधीजी मात्र सुखरूप राहिले. हल्लेखोर अखेरपर्यंत सापडले नाहीत.

१९४८ च्या ३० जानेवारीची आठवण देशाला दर वर्षी होते. १९३४ च्या या दिवसाची होत नाही. वास्तविक, अस्पृश्यतेविरुद्धच्या चळवळीला सनातनी वर्गातून किती टोकाचा विरोध होता, याची ही ठळक खूण आहे. सुधारकांची मोठी परंपरा सांगणाऱ्या पुणे शहराने तर ती विशेषत्वाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दिल्ली, १९७५ : एका सहीची कथा

२५ जूनची सर्वाधिक चर्चा होते ती १९७५ च्या घटनेमुळे. तिचा क्रम नव्या पिढीला ठाऊक असणे आवश्यक असल्याने तो थोडक्यात पाहू.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतून झालेली १९७१ ची निवड रद्द ठरवली. त्यांचे प्रतिस्पर्धी राजनारायण यांनी केलेल्या याचिकेवर हा निकाल होता. निवडणुकीसाठी सरकारी यंत्रणेचा गैरवापर झाल्याचा ठपका ठेवून न्यायालयाने त्यांना सहा वर्षे निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवले. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे सुटीकालीन न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी या निकालाला सशर्त स्थगिती दिली. त्यानुसार इंदिराजींना पंतप्रधानपदी राहता येणार होते, परंतु लोकसभेत मतदान करता येणार नव्हते.

२५ जूनच्या सायंकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली आणि पंतप्रधानांच्या राजीनाम्यासाठी देशव्यापी आंदोलनाची घोषणा करण्यात आली. त्याच रात्री, मध्यरात्रीला थोडाच अवधी उरला असताना, राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी राज्यघटनेच्या ३५२ व्या कलमाखालील उद्घोषणेवर सही केली. देशाच्या सुरक्षिततेला ‘अंतर्गत अशांतते’मुळे धोका निर्माण झाला आहे, असे कारण त्यात देण्यात आले होते. येथे एक गोष्ट विसरली जाते. बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१ मध्ये, परकीय आक्रमणाच्या कारणावरून पुकारलेली आणीबाणी तेव्हाही अमलात होतीच. म्हणजे एक आणीबाणी असतानाच दुसरी आणली गेली.

मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी, २६ जूनच्या पहाटे, सही झाल्यानंतर. तोपर्यंत दिल्लीतील बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली होती. जयप्रकाशांना आणि मोरारजी देसाईंना अटक झाली होती. वाजपेयी, अडवाणी आणि मधू दंडवते हे त्या वेळी संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरमध्ये होते. त्यांना तेथेच पकडण्यात आले. सकाळी इंदिराजींनी आकाशवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या आणीबाणीची तारीख २५ जून असली, तरी सामान्य नागरिकाला ती कळली २६ तारखेला.

पुढील एकवीस महिन्यांत ‘मिसा’ आणि भारत संरक्षण नियमांखाली एक लाखाहून अधिक लोक स्थानबद्ध झाले. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. काहींनी अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध नोंदवला. मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत तर ‘लोकशाही’च्या निधनाची वार्ता इंग्रजी अक्षरांची कसरत करून छापून आली आणि ती तपासनिसाच्या नजरेतून निसटली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निर्णय बहुमताने दिला. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी एकट्याने विरुद्ध मत नोंदवले. पुढे ज्येष्ठता असूनही सरन्यायाधीशपद त्यांना मिळाले नाही.

महाराष्ट्राच्या स्मरणात या काळातील एक प्रसंग कायमचा कोरला गेला आहे. १९७५ च्या डिसेंबरमध्ये कराड येथे साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्षपदी केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भीडपणे मांडली आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे त्यांनाही तुरुंगवास पत्करावा लागला. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे यांच्यासारखा सर्वांचा लाडका लेखक प्रचारसभांत उतरला, त्यामागे हीच अस्वस्थता होती. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी काँग्रेसचा पराभव केला आणि २१ मार्चला आणीबाणी उठली.

हे पुन्हा घडू शकेल काय, हा प्रश्न दर २५ जूनला विचारला जातो. त्याचे उत्तर काही अंशी राज्यघटनेतच आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे संदिग्ध शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला असल्याखेरीज राष्ट्रपतींना उद्घोषणा करता येणार नाही, अशी अट आली. संसदेच्या दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने संमती एका महिन्यात घेणे बंधनकारक झाले. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारे २१ वे कलम आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हे स्पष्ट करण्यात आले. थोडक्यात, त्या रात्री ज्या ज्या फटींतून सत्ता शिरली, त्या फटी कायद्याने बुजवण्यात आल्या. मात्र कायद्याचे दार कितीही भक्कम असले, तरी राखणदार झोपी जाऊ शकतो, हेही त्याच रात्रीने शिकवले. सहीपूर्वी मंत्रिमंडळाची संमती कोठे आहे, असा आग्रह राष्ट्रपतींनी धरला नाही आणि पहाटेच्या बैठकीत मंत्र्यांनीही प्रतिकार केला नाही.

जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने २५ जून हा दिवस दर वर्षी ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून पाळण्याची अधिसूचना काढली. विरोधी पक्षांनी त्यावर आक्षेप घेतला. हा वाद राजकीय आहे आणि तो चालत राहील. सामान्य नागरिकाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की आणीबाणीची आठवण ही कोणा एका पक्षाला दोष देण्यापुरती उरू नये. अनिर्बंध सत्तेचा मोह कोणत्याही पक्षाला होऊ शकतो, हा तिचा खरा धडा आहे.

त्याच दिवशी आफ्रिकेत

भारतात ज्या दिवसाची अखेर स्वातंत्र्याच्या संकोचाने झाली, त्याच दिवशी, २५ जून १९७५ रोजी, आफ्रिकेतील मोझांबिक हा देश पोर्तुगालच्या सुमारे पावणेपाचशे वर्षांच्या वर्चस्वातून मुक्त झाला. स्वातंत्र्यलढा लढणाऱ्या ‘फ्रेलिमो’ या संघटनेची स्थापना २५ जून १९६२ ला झाली होती. म्हणूनच हा दिवस निवडण्यात आला. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर पोर्तुगालने वसाहती सोडण्यास सुरुवात केली. गोव्यावरील भारताच्या सार्वभौमत्वाला पोर्तुगालने औपचारिक मान्यता दिली, तीही याच घडामोडींच्या ओघात, १९७४ च्या अखेरीस. गोवा मुक्त होऊन तेरा वर्षे उलटल्यावर.

गोवा आणि मोझांबिक यांचे नाते जुने आहे. एकाच सत्तेखालच्या या दोन भूभागांत माणसांची ये-जा अनेक पिढ्या चालू होती. गोव्यात जन्मलेले आक्विनो द ब्रागांझा हे मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यातील अग्रगण्य विचारवंत आणि अध्यक्ष सामोरा मॅशेल यांचे निकटचे सल्लागार होते. १९८६ च्या ज्या विमान अपघातात मॅशेल यांचा मृत्यू झाला, त्यातच ब्रागांझा यांचाही अंत झाला.

लॉर्ड्स, १९८३ : त्रेचाळीस धावांचा विजय

आणीबाणी उठून सहा वर्षे झाली होती. २५ जून १९८३, पुन्हा शनिवार, पुन्हा लॉर्ड्स. समोर सलग दोन विश्वचषक जिंकलेला वेस्ट इंडीजचा बलाढ्य संघ. भारताची पूर्वीची कामगिरी पाहता अंतिम फेरी गाठणे हेच आश्चर्य होते. १९७५ आणि १९७९ अशा दोन स्पर्धांत मिळून भारताने एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. याच लॉर्ड्सवर १९७५ च्या स्पर्धेत सुनील गावसकर साठ षटके खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले होते. एकदिवसीय खेळ भारताला उमजलेला नाही, असाच सर्वांचा समज होता. आठवडाभर आधी, १८ जूनला, टनब्रिज वेल्स येथे झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशा अवस्थेतून कपिलदेव यांनी नाबाद १७५ धावा काढल्या नसत्या, तर पुढचा इतिहास घडला नसता.

अंतिम सामन्यात भारताचा डाव ५४.४ षटकांत १८३ धावांवर संपला. कृष्णम्माचारी श्रीकांत यांच्या ३८, संदीप पाटील यांच्या २७ आणि मोहिंदर अमरनाथ यांच्या २६ या सर्वांत मोठ्या धावसंख्या. साठ षटकांच्या सामन्यात हे आव्हान किरकोळ वाटत होते. पण बलविंदरसिंग संधू यांचा एक आत वळणारा चेंडू गॉर्डन ग्रीनिजनी सोडून दिला आणि त्यांची यष्टी हलली. व्हिव्हियन रिचर्ड्स मात्र आल्याबरोबर तुटून पडले. २८ चेंडूंत ३३ धावा झाल्या असताना मदनलाल यांच्या चेंडूवर त्यांनी उंच फटका मारला आणि कपिलदेव यांनी मागे धावत जाऊन तो झेल पकडला. सामना तेथेच फिरला. अमरनाथ यांनी १२ धावांत ३, तर मदनलाल यांनी ३१ धावांत ३ बळी घेतले. मायकल होल्डिंग पायचीत झाले आणि वेस्ट इंडीजचा डाव १४० धावांवर आटोपला. भारत ४३ धावांनी विजयी झाला आणि अमरनाथ सामनावीर ठरले.

या विजयाचे परिणाम दूरगामी ठरले. आजच्या पिढीला खरे वाटणार नाही, पण विजेत्या खेळाडूंचा यथोचित गौरव करण्याइतका पैसा तेव्हा क्रिकेट मंडळाकडे नव्हता. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम करून तो उभा करून दिला आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. अंतिम सामन्याच्या जादा प्रवेशिका नाकारल्या गेल्याने दुखावलेल्या साळवे यांनी विश्वचषक इंग्लंडबाहेर नेण्याचा निश्चय केला, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, पुढची स्पर्धा १९८७ मध्ये भारत आणि पाकिस्तानात झाली. इंग्लंडबाहेर भरलेला हा पहिला विश्वचषक. क्रिकेटचे आर्थिक केंद्र लंडनहून भारतीय उपखंडाकडे सरकण्याची ही सुरुवात होती.

नागपूरच्या दोन सुपुत्रांची नावे या तारखेशी अशी जोडली गेली आहेत. नायडूंनी लॉर्ड्सवर भारताचे नाव नोंदवले. साळवे यांनी लॉर्ड्सची मक्तेदारी मोडून काढली. १९३२ मध्ये ज्या मैदानावर भारत परतंत्र देश म्हणून उतरला, तेथेच तो एक्कावन्न वर्षांनी जगज्जेता झाला.

फुटबॉल : विजय, लाज आणि नियम

फुटबॉलच्या इतिहासातही ही तारीख वारंवार येते. २५ जून १९७८ रोजी ब्युनोस आयर्स येथे यजमान अर्जेंटिनाने नेदरलँड्सचा जादा वेळेत ३-१ असा पराभव करून पहिला विश्वचषक जिंकला. मारिओ केम्पेस यांनी दोन गोल केले. निर्धारित वेळेच्या अखेरच्या क्षणी रॉब रेन्सेनब्रिंक यांचा फटका गोलखांबावर आदळला नसता, तर चषक युरोपात गेला असता. पण या विजयावर एक गडद सावली आहे. १९७६ च्या बंडानंतर देशात जनरल होर्खे व्हिदेला यांची लष्करी राजवट होती आणि हजारो विरोधक बेपत्ता झाले होते. अंतिम सामन्याच्या मैदानापासून थोड्याच अंतरावर नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत एक कुप्रसिद्ध छळछावणी चालत होती. प्रेक्षकांचा जल्लोष तेथील कैद्यांपर्यंत पोहोचत होता. चषक देण्याचा समारंभ व्हिदेला यांच्या उपस्थितीत झाला. खेळाडूंचे कर्तृत्व खरे होते आणि राजवटीचे क्रौर्यही तितकेच खरे होते.

चार वर्षांनी, २५ जून १९८२ रोजी, स्पेनमधील खिखोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांची गाठ पडली. गटातील अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपले होते. त्यामुळे जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकल्यास दोन्ही युरोपीय संघ पुढे जाणार, हे गणित उघड होते. दहाव्या मिनिटाला हॉर्स्ट ह्रुबेश यांनी गोल केला आणि त्यानंतर उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालवला. सलामीला जर्मनीलाच २-१ असे हरवणारा अल्जीरिया स्पर्धेबाहेर गेला. नियमभंग झाला नव्हता, म्हणून शिक्षाही झाली नाही. पण नियमच बदलावा लागला. १९८६ पासून गटातील अखेरचे दोन सामने एकाच वेळी खेळवले जातात, ते याच लाजिरवाण्या सामन्यामुळे.

२५ जून १९८८ ची आठवण मात्र निखळ आनंदाची आहे. म्युनिकमध्ये युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सने सोव्हिएत संघाला २-० असे नमवले. रूड गुलिट यांच्या गोलनंतर मार्को व्हॅन बास्टन यांनी अवघड कोनातून, चेंडू जमिनीवर पडू न देता मारलेला गोल आजही सर्वोत्कृष्ट गोलांत गणला जातो.

जन्मदिन : ऑर्वेल ते मदनमोहन

या दिवशी जन्मलेल्यांची यादी पाहिली, तर योगायोगालाही विनोदबुद्धी असते असे वाटू लागते. सर्वंकष सत्तेचे भेदक चित्र रंगवणारे ‘अ‍ॅनिमल फार्म’ आणि ‘१९८४’ या कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज ऑर्वेल यांचा जन्म २५ जून १९०३ चा. आणि तोही भारतातला, बिहारमधील मोतीहारीचा. त्यांचे मूळ नाव एरिक आर्थर ब्लेअर. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. ऑर्वेल यांच्या बहात्तराव्या जयंतीच्याच रात्री त्यांच्या जन्मभूमीत वृत्तपत्रांची वीज तोडली गेली.

हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन (१९००) यांचाही जन्म याच तारखेचा. सुचेता कृपलानी (१९०८) यांचा जन्म अंबाल्याचा. घटना समितीतील मोजक्या महिला सदस्यांपैकी त्या एक होत्या. १९६३ मध्ये उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्रिपद स्वीकारून त्या भारतातील पहिल्या महिला मुख्यमंत्री ठरल्या.

माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांचा जन्म २५ जून १९३१ चा. त्यांचे सरकार एक वर्षही टिकले नाही. पण ७ ऑगस्ट १९९० रोजी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची त्यांची घोषणा भारतीय राजकारणाची दिशा बदलून गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. २७ नोव्हेंबर २००८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मुंबईवरील दहशतवादी हल्ला चालूच होता. त्या धुमश्चक्रीत एका माजी पंतप्रधानाच्या निधनाची वार्ता जवळजवळ झाकोळून गेली.

संगीतकार मदनमोहन यांचा जन्म २५ जून १९२४ रोजी बगदादमध्ये झाला. हिंदी चित्रपटातील गझलेला त्यांनी लता मंगेशकर यांच्या स्वरात जे रूप दिले, त्याला तोड नाही. १४ जुलै १९७५ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी करून ठेवलेल्या, न वापरलेल्या चाली २००४ मध्ये ‘वीर-झारा’ चित्रपटातून रसिकांपर्यंत पोहोचल्या. मदनमोहन यांचे गाणे आणि लॉर्ड्सच्या विजेत्यांसाठी झालेला कार्यक्रम, या दोहोंत लताबाईंचे नाव यावे, हाही या तारखेचा एक योग.

जगाच्या पाठीवर

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या सैन्याने ३८ अक्षांशाची सीमारेषा ओलांडली आणि कोरियन युद्धाला तोंड फुटले. भारताने लढाऊ सैन्य न पाठवता ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले. युद्धकैद्यांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद पुढे जनरल थिमय्या यांनी सांभाळले. जुलै १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली. शांतता करार मात्र अद्यापही झालेला नाही. २५ जून १९९१ ला स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य घोषित केले आणि युगोस्लाव्हियाच्या रक्तरंजित विघटनाला प्रारंभ झाला. नाझींच्या छळछावणीत मरण पावलेल्या अ‍ॅन फ्रँक या मुलीची दैनंदिनी २५ जून १९४७ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. २५ जून २००९ रोजी पॉप गायक मायकल जॅक्सन यांचे लॉस एंजल्समध्ये निधन झाले. मुंबईकरांनी त्यांना १९९६ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात प्रत्यक्ष पाहिले होते.

अलीकडच्या काळातील एक नोंद भारतीयांना सुखावणारी आहे. २५ जून २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी बाराच्या सुमारास अमेरिकेतील केनेडी अवकाश केंद्रावरून ‘अ‍ॅक्सिऑम-४’ मोहिमेचे उड्डाण झाले आणि ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला अवकाशात गेले. राकेश शर्मा यांच्या १९८४ मधील उड्डाणानंतर एक्केचाळीस वर्षांनी अवकाशात गेलेले ते दुसरे भारतीय अंतराळवीर आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचलेले पहिले भारतीय होत.

कोणत्याही समाजाला आपल्या विजयाचे दिवस लक्षात ठेवणे सोपे जाते. १९८३ च्या चषकाची छायाचित्रे दर वर्षी छापून येतात, तो झेल पुन्हा पुन्हा दाखवला जातो. १९३४ चा बॉम्ब आणि १९७५ ची सही यांची छायाचित्रे कोणाच्या घरात लावलेली नसतात. पण ज्या स्वातंत्र्यामुळे कपिलदेव यांचा संघ लॉर्ड्सवर स्वतंत्र देशाचा संघ म्हणून उतरला, त्याच स्वातंत्र्याची नाडी आठ वर्षे आधी किती सहज आवळता आली होती, हेही याच तारखेने नोंदवून ठेवले आहे. २५ जूनच्या दोन्ही पाटांवरचे लिखाण वाचले, तरच हा दिनविशेष पुरा होतो.

२५ जून : एका दृष्टिक्षेपात

१८७६ : अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मूलनिवासींकडून कस्टर यांच्या तुकडीचा पराभव.
१९०३ : लेखक जॉर्ज ऑर्वेल यांचा मोतीहारी येथे जन्म.
१९०८ : सुचेता कृपलानी यांचा जन्म.
१९२४ : संगीतकार मदनमोहन यांचा जन्म.
१९३१ : विश्वनाथ प्रताप सिंह यांचा जन्म.
१९३२ : भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यास लॉर्ड्सवर प्रारंभ.
१९३४ : पुण्यात गांधीजींवर बॉम्बहल्ल्याचा प्रयत्न.
१९५० : कोरियन युद्धाला सुरुवात.
१९७५ : मोझांबिक स्वतंत्र, भारतात अंतर्गत आणीबाणी.
१९७८ : अर्जेंटिनाला पहिला फुटबॉल विश्वचषक.
१९८३ : भारत क्रिकेटचा विश्वविजेता.
१९९१ : स्लोव्हेनिया व क्रोएशियाची स्वातंत्र्यघोषणा.
२००९ : मायकल जॅक्सन यांचे निधन.
२०२५ : शुभांशू शुक्ला यांचे अवकाशात उड्डाण.